तुमचं शिक्षण किती?

संक्रांत होऊन चार दिवस झाले होते आणि मी आठवडाभरासाठी आईकडे, बार्शी तालुक्यातल्या आमच्या गावी गेले होते. जिल्हा परिषदेच्या शाळेत तीस वर्षांपुढच्या सगळ्यांची तपासणी आहे, उपाशीपोटी यायची गरज नाही, पण यायचे मात्र नक्की, असा निरोप आशाताई सकाळीच दारातून देऊन गेल्या. आई तेव्हा विळीवर गूळ चिरत होती. "मला काय धाड भरलीय," असे म्हणत तिने हात पदराला पुसले आणि तरीही निघाली, कारण गल्लीतल्या सगळ्याच निघाल्या होत्या. शाळेच्या व्हरांड्यात दोन बाके जोडून टेबल केले होते. एका टोकाला आशाताई प्रत्येकीचा फॉर्म भरत होत्या आणि नऊवारीच्या निऱ्यांवरून कमरेचा घेर कसा मोजायचा, या पेचात टेप हातात घेऊन हसत होत्या. दुसऱ्या टोकाला पंचावन्नच्या आसपासच्या नर्सबाई बसल्या होत्या. चष्मा दोरीला अडकवलेला, शेजारी स्टूलवर साखर तपासण्याचे यंत्र आणि पट्ट्यांची डबी. आईचे बोट हातात घेतल्याबरोबर त्या थांबल्या. "मावशी, गूळ फोडत होता काय? साबण लावून हात धुऊन या आधी." आई हात धुऊन आली. मग त्यांनी बोट कोरडे होऊ दिले, टोकावर न टोचता कडेला टोचले, पहिला थेंब कापसाने टिपला आणि दुसरा पट्टीला लावला. त्यानंतर हातमोजे बदलून, विजेरी लावून त्या आईचे तोंड तपासू लागल्या. ओठ उलटवून, गालाच्या आतून, हिरड्या, टाळू, जिभेच्या दोन्ही कडा, जिभेखाली. डाव्या गालापाशी त्यांचा हात थबकला. त्यांनी पुन्हा पाहिले, बोटाने चाचपले, आणि म्हणाल्या, "इथं पांढरं दिसतंय. बार्शीला दाखवून या." 

मी आईच्या मागेच उभी होते. माझ्या तोंडून निघून गेले, "सिस्टर, तुमचं शिक्षण किती झालंय?"

रांगेतल्या बायका गप्प झाल्या. नर्सबाईंनी चष्म्यावरून एकदा माझ्याकडे पाहिले. "दहावी. अन् अठरा महिने एएनएमचा नर्सिंग कोर्स. मावशी, मिटा तोंड." त्यांनी हातमोजे काढले, वहीत ओळ लिहिली आणि पुढचे नाव पुकारले.

मला माहिती हवी होती म्हणून मी तो प्रश्न विचारला नव्हता, हे त्यांना कळले, बायकांना कळले आणि थोड्या वेळाने मलाही कळले. मी स्वतः पुण्यात एका रक्त तपासणी प्रयोगशाळेत तंत्रज्ञ म्हणून पंचवीस वर्षे काम केले आहे. बोटाला गूळ असेल तर यंत्र बोटावरचीच साखर रक्तातली म्हणून दाखवते, हे मला पुरते ठाऊक आहे. आमच्याकडे कोट घालून आलेली कितीतरी शिकलेली मुलेसुद्धा हात धुतलेत का, हे विचारायला विसरतात. म्हणजे ही बाई आपले काम जाणते, याचा पुरावा पाच मिनिटांपूर्वी माझ्या डोळ्यांसमोर घडला होता आणि मनातल्या मनात मी त्याला दादही दिली होती. तरीही तिने माझ्या आईच्या तोंडात न आवडणारी गोष्ट दाखवताच मी तिची इयत्ता विचारली. आईची साखर ठीक आहे, असे तिने सांगितले तेव्हा मात्र मला तिचे शिक्षण विचारावेसे वाटले नव्हते. हे माझ्या ध्यानात रात्री आले, आई निवांत घोरत असताना.

माझे स्वतःचे शिक्षण म्हणजे बारावी शास्त्र आणि त्यावर डीएमएलटी, म्हणजे वैद्यकीय प्रयोगशाळेच्या कामाची पदविका. सोलापूरच्या ज्या वर्गात मी शिकले, तेथे आमच्या बाई पहिल्या दिवशी म्हणाल्या होत्या की शीर डोळ्यांनी शोधायची नसते, बोटाने शोधायची असते. दिसणारी शीर पळते, हाताला लागलेली पळत नाही. आम्ही एकमेकींच्या हातांवर शिकलो. माझ्या मैत्रिणीच्या कोपरावर मी केलेला निळा डाग आठ दिवस राहिला होता आणि ती तो लांब बाह्यांच्या ब्लाउजखाली लपवून घरी जात असे. प्रमाणपत्र हातात आले तेव्हा मला प्रत्यक्षात फारसे काही येत नव्हते. आले ते नंतर, रोज सकाळी चाळीस-पन्नास हात समोर येत गेले तेव्हा, आणि मुख्य म्हणजे चुकले की लगेच कळत गेले म्हणून. नळीत रक्त आले नाही तर ते तिथल्या तिथे दिसते. तपासणीचेही तसेच. आमच्याकडे दिवसाचा पहिला नमुना रुग्णाचा नसतो. ज्याचे उत्तर आधीच ठरलेले आहे असे द्रावण यंत्रातून काढायचे, त्याला आम्ही 'कंट्रोल लावणे' म्हणतो. उत्तर ठरलेल्या मर्यादेत आले तरच पुढचे काम. ते बाहेर गेले, तर दारात कितीही रांग असो, यंत्र थांबवायचे. पंचवीस वर्षांत माझ्या अंगी जो काही आत्मविश्वास आला, तो या रोजच्या कंट्रोलने आला. पदविकेचा कागद तर कुठल्याशा फायलीत पडून आहे. आमच्यासारख्यांना कायद्याची चौकट मिळाली तीसुद्धा २०२१ मध्ये, संलग्न आरोग्य व्यवसायांचा राष्ट्रीय आयोग स्थापणारा कायदा झाला तेव्हा. तोवर 'लॅबवाली' एवढीच आमची ओळख होती. हे सगळे सोसलेल्या बाईने दुसऱ्या बाईला 'शिक्षण किती' म्हणून विचारावे, यातला विनोद मला त्या रात्री फारसा झेपला नाही.

या प्रश्नाला दुसरीही एक बाजू आहे आणि ती मी झाकून ठेवणार नाही. त्याच्या आदल्याच वर्षी पुण्यात आमच्या सोसायटीत मोफत आरोग्य शिबिर झाले होते. पांढरेशुभ्र ॲप्रन, छापील फोल्डर, गणपतीच्या मांडवात लावतात तसा फलक. एका तरण्याताठ्या मुलाने माझा रक्तदाब घेतला. मी दोन जिने उतरून धापा टाकत आले होते, स्वेटरची बाही खाली होती, पाय खुर्चीखाली एकमेकांत अडकवलेले होते आणि शेजारच्या काकू माझ्याशी बोलत होत्या. रक्तदाब घेण्यापूर्वी माणसाला पाच मिनिटे स्वस्थ बसू द्यावे, पाठ टेकलेली आणि पावले जमिनीवर असावीत, दंड उघडा आणि हृदयाच्या पातळीला असावा, बोलू नये, आणि दंडाला पट्टा बेताचा असावा, कारण जाड दंडाला लहान पट्टा बांधला की आकडा उगाच वर जातो. यातले काहीही घडले नाही. मुलाने फुगा दाबला, हवा फुस्सकन सोडून दिली आणि १४०/९० असे लिहिले. मी सहज त्याच्या कागदावर नजर टाकली, तर वरपासून खालपर्यंत प्रत्येक आकड्याच्या शेवटी शून्य होते. तबकडीवरच्या खुणा दोन-दोनच्या असतात, त्यामुळे नीट ऐकून लिहिणाऱ्याच्या यादीत शून्य साधारण पाचांत एकदा यावे. सगळीकडे शून्य आहे, याचा अर्थ तो ठोका ऐकत नाही, अंदाज लिहितो. मी त्याला काय शिकलास, असे मात्र विचारले नाही. ॲप्रनचा हा पराक्रम. वरच्या मजल्यावरचे एक गृहस्थ त्या आकड्याने इतके हबकले की त्याच संध्याकाळी त्यांनी गोळी सुरू करायचा आग्रह धरला. त्यांच्या मुलीने त्यांना आठवडाभर घरी मोजायला लावले, म्हणून ते निभावले.

आजाऱ्याची तपासणी आणि धडधाकट माणसाची तपासणी यांत केवढे अंतर आहे, ते मला अशा प्रसंगांतून उमगत गेले. दुखते म्हणून आलेला माणूस स्वतःची तक्रार घेऊन आलेला असतो. एका ठिकाणी चूक झाली तर त्याचे दुखणेच त्याला दुसऱ्या दारी नेते. पण गूळ चिरता चिरता उठून आलेल्या माझ्या आईची काही तक्रारच नव्हती. तिला 'काही नाही' असे चुकून सांगितले असते, तर ती पुढची कित्येक वर्षे त्या भरवशावर राहिली असती, आणि 'काहीतरी आहे' असे चुकून सांगितले, तर तिचे सुखाचे घर आपण विनाकारण हलवले. मराठीत या कामाला चाळणी तपासणी म्हणतात. आई अजूनही ज्वारीचे पीठ चाळते तेव्हा चाळण्या बदलते. भोके मोठी असली तर कोंडा खाली येतो, बारीक असली तर चांगले पीठही वर अडकते, आणि कुठली चाळण केव्हा घ्यायची हे तिच्या हाताला ठाऊक आहे. आरोग्याची चाळण धरणारा हात बहुधा व्यवस्थेतल्या सर्वांत खालच्या पायरीवरचा असतो. डॉक्टर मागे, यंत्रे शहरात, आणि पहिल्यांदा पाहणारी नजर आशाताईची नाहीतर नर्सबाईची.

ती नजर तयार करता येते का, हा प्रश्न आपल्याकडे अनेकांनी फार गंभीरपणे घेतला आहे. मुंबईच्या टाटा मेमोरियल रुग्णालयाने १९९८ पासून शहरातल्या झोपडपट्ट्यांतील सुमारे दीड लाख स्त्रियांचा अभ्यास केला. त्यांतल्या निम्म्यांची गर्भाशयमुखाची तपासणी दर दोन वर्षांनी होत असे आणि ती करणाऱ्या होत्या किमान दहावी झालेल्या, चार आठवडे शिकवून तयार केलेल्या आरोग्यसेविका. व्हिनेगरमध्ये असते तेच आम्ल सौम्य करून लावायचे, मिनिटभर थांबायचे आणि कुठला भाग पांढरा पडतो ते नुसत्या डोळ्यांनी पाहायचे. त्या गटात या कर्करोगाने होणारे मृत्यू ३१ टक्क्यांनी कमी झाल्याचे २०१३ मध्ये जाहीर झाले. दुसऱ्या गटातल्या स्त्रियांना तपासणीविना ठेवले, यावर नैतिक आक्षेप घेतले गेले आणि मला ते रास्त वाटतात. पण दहावी झालेल्या बाईला हे काम जमत नाही, असे म्हणण्याची सोय मात्र त्या अभ्यासाने उरू दिली नाही. तोंडाच्या कर्करोगासाठी केरळात तिरुवनंतपुरमला १९९६ पासून असेच झाले. तेथे तोंडे तपासणारे पदवीधर होते, पण त्यांच्या पदव्या वैद्यकाबाहेरच्या होत्या. तंबाखू किंवा दारूची सवय असलेल्यांमध्ये मृत्यू सुमारे एक तृतीयांशाने घटले. त्याच्याही कितीतरी आधी, १९७० पासून, जामखेडला डॉ. रजनीकांत आणि डॉ. मेबल आरोळे यांनी खेड्यापाड्यांतल्या, अक्षरओळखही नसलेल्या बायकांना आरोग्यसेविका केले. या बायका दर आठवड्याला जामखेडला जमत, गावात काय पाहिले ते सांगत, काय चुकले ते ऐकत आणि नवे शिकून परत जात. ते शिकणे वर्षानुवर्षे चालले. गडचिरोलीत डॉ. अभय बंग यांनी तर मोजता न येणाऱ्या सुइणींसाठी मण्यांचे साधन केले. वाळूचे एक मिनिटाचे घड्याळ उलटे करायचे, बाळाच्या दर दहा श्वासांना एक मणी सरकवायचा, आणि वाळू संपण्याआधी लाल मण्याची पाळी आली तर न्यूमोनिया समजायचा. बाळाच्या वयानुसार मिनिटाला साठ श्वासांची मर्यादा की पन्नासांची, हा हिशेब मण्यांनी सांभाळला. सुईणीने फक्त बाळाच्या पोटाकडे एकटक बघायचे, आणि ते तिच्याइतके कोणाला जमणार होते?

हे सगळे मला वाचून माहीत होते. माहीत असणे आणि स्वतःच्या आईच्या गालावर विजेरी रोखलेली पाहणे यांत फरक आहे, एवढेच मी माझ्या बाजूने म्हणेन. आई गेली पन्नास वर्षे मिश्री लावते. लहानपणी दर आठ दिवसांनी आमच्या घरात तव्यावर तंबाखू भाजली जाई. तो करपट, घशात बसणारा वास सगळ्या घरभर पसरे, आम्ही खोकत अंगणात पळायचो आणि आई पदर नाकाला लावून ती काळी पूड डबीत भरायची. बार्शीत ग्रामीण भागातली देशातली पहिली कर्करोग नोंदणी १९८७ मध्ये सुरू झाली आणि कोणाच्या तोंडात जखम आहे का, छातीत गाठ आहे का, असे विचारत माणसे गावोगाव फिरू लागली. आई त्यांना चहा द्यायची, मिश्रीचा तोटा शांतपणे ऐकून घ्यायची आणि ती गेली की डबी उघडायची. त्यामुळे 'पांढरं दिसतंय' हे ऐकताच माझ्या पोटात जो गोळा आला, त्याला पन्नास वर्षांचा आधार होता. आई मात्र घरी येताच म्हणाली, "बाईनं नीट बघितलं गं. एवढा वेळ कुणी बघत नाही." आणि मग हळूच, "तू तिला तसं विचारायला नको होतंस."

बार्शीच्या दंतवैद्यांनी आईच्या तोंडात दोन मिनिटे पाहिले आणि मागची एक तुटलेली दाढ दाखवली. तिची धार गालाला सतत घासत होती. त्यांनी धार घासून बोथट केली, मिश्री बंद करायला बजावले आणि तीन आठवड्यांनी बोलावले. चट्टा तेव्हाही राहिला तर तुकडा काढून तपासू, असे ते सहज म्हणाले. ते तीन आठवडे मी पुण्यात काढले. रोज संध्याकाळी फोनवर मी आईला गालात बोट फिरवून बघायला सांगत असे आणि ती वैतागून "आहे तसंच आहे" म्हणत असे. एकदा मला नर्सबाईंचा राग आला, की एका मोडक्या दाढेपायी या बाईने आमची झोप उडवली. दुसऱ्या दिवशी वाटले, की तिने दाढेची धार म्हणून सोडून दिले असते आणि ते तसे नसते तर? तिला ओळखायचे नव्हतेच, शंका घ्यायची होती, आणि शंका घेण्याजोगी गोष्ट तिथे खरोखर होती. तीन आठवड्यांनी गाल स्वच्छ गुलाबी निघाला. दंतवैद्य म्हणाले की पाठवले ते उत्तम केले, असे घासून घासून झालेले चट्टे वर्षानुवर्षे राहू देऊ नयेत. माझी एक तक्रार तरीही शिल्लक राहिली. 'पांढरं दिसतंय' हे चारचौघींत, रांगेत, तोंड उघडे असताना सांगायचे नसते. नंतर मी नर्सबाईंना विचारले तेव्हा कळले, की तोंड, स्तन आणि गर्भाशयमुख या तिन्हींसह सगळे त्यांनी तीन दिवसांत शिकून घेतले होते, तेही पडद्यावरची चित्रे पाहून. काय बघायचे त्याची चित्रे होती. सांगायचे कसे, यावर एकही तास नव्हता.

'नंतर' म्हणजे मार्चमध्ये. मी पुन्हा गावी होते आणि उन्हे कलत असताना नर्सबाई मोठी वही काखोटीला मारून अंगणात आल्या. मी उठून उभी राहिले. त्या दिवशीचे बोलणे कसे काढावे, याची मनात जुळवाजुळव करत होते, पण त्यांना त्यात काही रस दिसला नाही. "मावशींचा कागद बघायला आले," असे म्हणून त्या ओट्यावर बसल्या, आईने दिलेले पाणी प्यायल्या आणि दंतवैद्यांची चिठ्ठी त्यांनी दोनदा वाचली. इंग्रजीतला एक शब्द लागला नाही म्हणून त्यांनी चिठ्ठी माझ्याकडे सरकवली. घर्षणामुळे आलेला चट्टा, असा त्याचा अर्थ मी सांगितला. त्यांनी तो वहीत मराठीत लिहून घेतला. त्यांच्या वहीचे ते पान माझ्यासमोर उघडे होते. 'संशयित' या रकान्यात वरपासून खालपर्यंत नावे होती आणि शेवटचा, 'पुढे काय झाले' हा रकाना जवळजवळ कोरा होता. मी विचारले, "बाकीच्यांचं काय झालं?" त्या म्हणाल्या, "कोण गेलं, कोण नाही गेलं. जे गेले त्यांचे कागद सोलापूरला, नाही तर पुण्याला. माझ्यापर्यंत कोण आणून देतंय?"

मला आमच्या प्रयोगशाळेतला रोजचा पहिला नमुना आठवला. या बाईने इतकी वर्षे कंट्रोल न लावता यंत्र चालवले होते.

"सिस्टर, त्या दिवशी मी..." असे मी सुरू केले, तोच त्यांनी दोरीचा चष्मा डोळ्यांवर चढवला, पिशवीतून हातमोजे आणि विजेरी काढली आणि आईकडे वळल्या. "मावशी, एकदा तोंड उघडा. बरं झालेलं कसं दिसतं ते बघू द्या मला." आई जात्याच्या कट्ट्याला टेकली आणि तिने तोंड उघडले. नर्सबाईंनी गाल बाजूला ओढून बराच वेळ पाहिले, मग मलाही खुणेने जवळ बोलावले, आणि आम्ही दोघी विजेरीच्या त्या लहानशा गोल उजेडात वाकून पाहत राहिलो.